आधीं निदान, मग बोल

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां संगणक आला आहे. आणि ज्या घरीं तो आला, त्या घरीं तो केव्हां तरी रुसून बसणार, हें ओघानेंच आलें. पूर्वीं रहाटाचा दोर तुटे, जात्याचा खुंटा निखळे, पाणी तापविण्याचा बंब गळूं लागे. पण काय बिघडलें तें डोळ्यांना दिसे. आतांच्या यंत्रांतला बिघाड दिसत नाहीं. जो बिघाड दिसत नाहीं त्याचें खापर, जो माणूस समोर दिसतो त्याच्या माथीं फोडून मोकळें होण्याचा मोह अनावर असतो. २०२५ च्या श्रावणांत आमच्या घरीं हेंच घडलें. आणि सांगावयास लाज वाटते, पण तें खापर फोडणारे हात आमचेच होते. त्या दिवशीं मिळालेला धडा आमच्यापुरता ठेवणें बरें नव्हे, म्हणून या महिन्याचें हें सदर त्यालाच दिलें आहे.

आमच्या घरीं आम्ही उभयतां, आमच्या मातुःश्री, धाकटे बंधु व त्यांचें कुटुंब, मुलगा-सून, पुतण्या व त्याची पत्नी, आणि नातवंडें असा बारा माणसांचा संसार आहे. माडीवरच्या खोलींत एक मोठा संगणक आहे, तो सर्वांचा. सकाळीं सूनबाई त्यावर एका व्यापाऱ्याचे हिशेब लिहितात, दुपारीं बंधूंचा पत्रव्यवहार चालतो, सायंकाळीं मुलांचा अभ्यास, आणि तो झाला असें तीं म्हणालीं म्हणजे त्यांचा खेळ. रात्रीं, सर्व निजल्यावर, आम्ही त्यावर कीर्तन ऐकतों. माजघरांत भिंतीवर इंटरनेटची पेटी आहे; तिला राउटर म्हणतात. तिच्यांतून एक तार जिन्यानें वर जाऊन संगणकाच्या पाठीमागच्या खांचेंत बसविलेली आहे. घरांतल्या मोबाइल फोनांना त्याच पेटींतून बिनतारी जोडणी मिळते.

तो दिवस ११ ऑगस्टचा, श्रावणी सोमवार. दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत व्यापाऱ्यांना जी. एस्. टी. खात्याकडे मागल्या महिन्याच्या विक्रीचें विवरण भरावें लागतें. तें सूनबाईंनीं दुपारीं चारच्या आंत तयार करून पाठवावें, नाहीं तर पुढें काम दुसऱ्याकडे जाईल, अशी तंबी त्यांना आधींच मिळालेली होती. सकाळीं नऊ वाजतां त्यांनीं संगणक लावला, आणि पडद्याच्या कोपऱ्यांत 'जोडणी नाहीं' अशी खूण दिसली. "मामंजी, नेट गेलं!" म्हणून त्यांनीं वरून हांक मारली.

पुतण्याचा तेरा वर्षांचा मुलगा आदल्या सायंकाळीं तासभर त्या यंत्रावर खेळत होता, एवढें आम्हांस ठाऊक होतें. तेवढ्या पुराव्यावर आम्हीं खटला चालविला आणि निकालहि देऊन टाकला. "तुझ्या खेळापायीं काकूचें काम बुडालें!" असें आम्ही सर्वांदेखत म्हणालों. तो म्हणाला, "आजोबा, पण फोनवर नेट चालतंय—" "उलट उत्तर देऊं नकोस!" आम्ही गरजलों. छत्तीस वर्षें वर्गांत ज्या आवाजानें मुलांचीं तोंडें बंद केलीं, तोच तो आवाज. पोटांत उपास होता, ही सबब पुढें करण्यांत अर्थ नाहीं. मुलगा ताटांतली पोळी अर्धी टाकून शाळेस गेला. त्याच्या आईनें एक शब्दहि काढला नाहीं. एकत्र कुटुंबांत न काढलेला शब्द किती मोठ्यानें ऐकूं येतो, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

खोली शांत झाली, तेव्हां त्या मुलाचें अर्धवट तोडलेलें वाक्य आमच्या कानांत घुमूं लागलें. 'फोनवर नेट चालतंय.' आम्हीं त्याला उद्धटपणा मानलें होतें. वस्तुतः तो पुरावा होता. न्यायशास्त्रांत कारण ठरविण्याची एक जुनी रीति आहे, तिला अन्वय-व्यतिरेक म्हणतात. एक वस्तु असतां कार्य होतें आणि ती नसतां होत नाहीं, असें दोन्ही बाजूंनीं पाहिल्यावांचून तिला कारण म्हणूं नये. आयुष्यभर विद्यार्थ्यांना हें शिकविलें, आणि स्वतःच्या घरांत प्रसंग आला तेव्हां मात्र एका बाजूनेंहि पाहिलें नाहीं! फोन आणि संगणक दोहोंना एकाच पेटींतून पुरवठा होतो. फोन चालतो, त्या अर्थीं बाहेरून येणारी लाइन निर्दोष. पेटींतून घरांत नेट येतें, हेंहि सिद्ध. म्हणजे निदानाची पहिली पायरी त्या मुलानें सकाळीं नऊ वाजतांच चढून दाखविली होती.

मग आम्ही, बंधु आणि सूनबाई असे तिघे शास्त्रशुद्ध रीतीनें कामाला लागलों. बाहेरून आंत यावयाचें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, असें ठरविलें.

पेटीनंतर तार. तारेच्या टोंकाला पारदर्शक प्लग असतो. त्याची बारीक जीभ खांचेंत 'टक्' करून बसली पाहिजे. ती बसलेली होती, आणि खांचेजवळचे दोन चिमुकले दिवेहि लागलेले होते. या तारेच्या पोटांत आठ तारा असतात, आणि त्या दोन-दोन अशा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. सेकंदास १०० मेगाबिट वेगाला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात; १००० मेगाबिटांना चारहि लागतात. म्हणून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार उंदरानें कुरतडली, तर जोडणी पुष्कळदां तुटत नाहीं. वेग मात्र एकदम दशांशावर येतो. 'नेट आहे पण रडतें आहे' अशी ज्यांची तक्रार असेल, त्यांनीं आधीं तार पाहावी. आम्हीं शेजाऱ्यांकडून लॅपटॉप आणून त्याला हीच तार लावली, तो चालला. आमच्या संगणकाला दुसरी तार लावली, तो चालेना. अन्वय झाला, व्यतिरेकहि झाला. तार दोषमुक्त ठरली. आतां दोष यंत्राच्या आंत होता.

येथें थोडें विषयांतर करून, हें आंतलें प्रकरण काय आहे तें सांगितलें पाहिजे. संगणकांत तार जिथें खोंचतात तेथें नेटवर्क कार्ड असतें. आतां तें बहुधा मुख्य पाटीवरच जडविलेलें असतें. कारखान्यांतून निघतांनाच त्याला बारा अंकाक्षरांचा एक क्रमांक मिळतो, आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनविणारी कंपनी ओळखतां येते. या जोडणीच्या पद्धतीला ईथरनेट म्हणतात. अमेरिकेंत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रांत रॉबर्ट मेटकाफ यांनीं २२ मे १९७३ रोजीं लिहिलेल्या टिपणांत हें नांव प्रथम आलें. प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारें 'ईथर' नांवाचें सर्वव्यापी द्रव्य असावें, असें एकोणिसाव्या शतकांतील शास्त्रज्ञ मानीत. त्यावरून त्यांनीं हें नांव घेतलें. शब्द हा ज्याचा गुण तें सर्वव्यापी आकाश, असें मानणाऱ्या आमच्या वैशेषिकांना तें नांव खचित आवडलें असतें.

पण कार्ड हें केवळ उपकरण आहे; त्याला त्याची स्वतःची भाषा. विंडोज ही संगणकाची कारभारीण. तिची भाषा वेगळी. या दोहोंमध्यें बसून एकीचा हुकूम दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा निरोप एकीला समजावून देणारा जो लहानसा प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आमच्या मातुःश्रींनीं हें नांव ऐकून, "मग ड्रायव्हर पळाला असेल, तर गाडी कोण हांकणार?" अशी शंका काढली. आम्हांस मात्र त्याला दुभाष्या म्हणणें अधिक युक्त वाटतें. दरबारांत दोन्ही राजे शाबूत असतांहि दुभाष्या चुकीचें बोलूं लागला, तर तह मोडतो. तसेंच येथें होतें: कार्ड धड, विंडोज धड, आणि तरी जोडणी नाहीं.

हें पाहण्याचें ठिकाण म्हणजे 'डिव्हाइस मॅनेजर'. स्टार्टच्या खुणेवर माउसची उजवी कळ दाबली कीं जी यादी उघडते, तींत तें सांपडतें. त्यांत 'नेटवर्क अॅडॅप्टर्स' या मथळ्याखालीं आमच्या कार्डाच्या नांवावर पिवळा त्रिकोण आणि त्यांत उद्गारचिन्ह होतें. नांवावर दोनदां टिचकी मारतांच खुलासा निघाला: कोड १०, उपकरण सुरू होऊं शकत नाहीं. असे पुष्कळ कोड आहेत. त्यांतले चार घरांत माहीत असावेत. १० चा अर्थ वर आलाच. २२ म्हणजे कोणी तरी तें उपकरण बंद करून ठेवलें आहे. पुन्हां चालू करावें, कीं काम झालें. २८ म्हणजे दुभाष्या बसविलेलाच नाहीं. ४३ म्हणजे उपकरणानेंच अडचण कळविल्यावरून विंडोजनें त्याला थांबविलें. या शेवटल्या प्रकारांत कार्डच निकामी झाल्याचा संभव असतो. तथापि तेथेंहि आधीं यंत्र बंद करून, विजेची तार मिनिटभर काढून पाहावी.

'एकदां बंद करून चालू करा' हा सल्ला सर्वजण देतात. त्यांत एक गोम आहे. २०१२ सालीं आलेल्या विंडोज ८ पासून लवकर सुरू होण्याची जी सोय ठेवली आहे, ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर यंत्र आपली आंतली स्थिति, दुभाष्यांसकट, साठवून ठेवतें आणि पुढल्या वेळीं तीच पुन्हां उघडतें. म्हणजे जुना रुसवाहि जसाच्या तसा परत येतो! 'रीस्टार्ट' केल्यानें मात्र सर्व कांहीं पहिल्यापासून मांडलें जातें. आम्हीं रीस्टार्ट केलें. त्रिकोण हलला नाहीं.

एव्हांना दोन वाजत आले होते. श्रावणी सोमवारची शाळा अर्धाच दिवस; मुलगा घरीं आला. आमच्याकडे न पाहतां तो वर गेला, आणि सूनबाईंना हळूच म्हणाला, "काकू, फोनचं नेट केबलनं काँप्युटरला देतां येतं." फोन भरण्याची जी तार, तीच त्यानें संगणकाला लावली आणि फोनच्या सेटिंगांत 'यू. एस्. बी. टेदरिंग' चालू केलें. दोन मिनिटांत जोडणी आली. तीन वाजून वीस मिनिटांनीं सूनबाईंचें विवरण रवाना झालें.

ही युक्ति प्रत्येक घरीं ठाऊक असावी. नवा ड्रायव्हर आणावयाचा तर नेट पाहिजे, आणि नेट पाहिजे तर ड्रायव्हर पाहिजे. याला आमच्या शास्त्रांत अन्योन्याश्रय दोष म्हणतात, आणि वादांत तो आला कीं वाद तेथेंच खुंटतो. फोनची ती तार हा दोष क्षणांत तोडते.

काम गेलें, मग आम्ही स्वस्थपणें त्या कार्डाच्या माहितीच्या खिडकींतील 'इव्हेंट्स' हें पान उघडलें. उपकरणाला केव्हां काय झालें याची तेथें तारीखवार नोंद असते. तेथें लिहिलें होतें कीं, त्याच दिवशीं पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनीं नवा ड्रायव्हर बसविला गेला. आदल्या सायंकाळीं सात वाजतां मुलाचा खेळ संपला होता. त्यानंतर रात्रीं अकरापर्यंत आम्हींच त्याच यंत्रावर, त्याच जोडणीवरून कीर्तन ऐकलें होतें! जें यंत्र अकरा वाजतां चालत होतें तें सातच्या खेळानें बिघडलें, असा आरोप आम्हीं केला होता. वर, कीर्तन संपल्यावर संगणक तसाच चालू ठेवून आम्ही निजावयास गेलों. आणि सर्व घर झोपलें असतां यंत्रानें आपली सुधारणा आपणच करून घेतली. ती सुधारणा या कार्डाला मानवली नाहीं, इतकेंच.

उपाय सोपा निघाला. त्याच खिडकींत 'ड्रायव्हर' या पानावर 'रोल बॅक ड्रायव्हर' असें बटन आहे. त्यानें नवा दुभाष्या जाऊन जुना परत येतो. तें दाबलें, रीस्टार्ट केलें, आणि त्रिकोण नाहींसा झाला. तीच सुधारणा पुन्हां येऊं नये म्हणून सूनबाईंनीं अपडेट कांहीं दिवस थांबवून ठेवलें. तें बटन फिकट असेल, म्हणजे जुना ड्रायव्हर शिल्लक नसेल, तर यादींतून तें उपकरण काढून टाकून रीस्टार्ट करावें. विंडोज त्याला पुन्हां शोधून काढते आणि आपल्याजवळचा ड्रायव्हर बसविते. तेंहि न साधल्यास यंत्राचा मॉडेल क्रमांक पाहून बनविणाऱ्या कंपनीच्याच ठिकाणाहून ड्रायव्हर उतरवून घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर एका टिचकींत ताजे करतों' म्हणणाऱ्या प्रोग्रामांच्या नादीं लागूं नये. वैद्य सोडून बाजारांतल्या जडीबुटीवाल्याकडे जाण्यासारखें तें आहे.

सुधारणेनें बिघाड व्हावा याचें नवल वाटूं नये. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष सुधारणेनें जगभर विंडोजचीं यंत्रें एकाएकीं बंद पडलीं. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें त्यांची संख्या सुमारें ८५ लाख होती. त्या दिवशीं आपल्याकडील विमानतळांवरहि कांहीं प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेथेंहि कारण दुभाष्याच्याच जागीं, विंडोजच्या अगदीं गाभ्याशीं चालणाऱ्या प्रोग्रामांत होतें. तथापि यावरून सुधारणाच बंद ठेवाव्या असें कोणी समजूं नये. चोरांपासून घराचें रक्षण करणारीं कुलुपें त्यांतूनच येतात. सुधारणा घ्यावी, मात्र बिघाड झाल्यावर 'काल-आजमध्यें काय बदललें?' हा प्रश्न आधीं विचारावा, 'काल येथें कोण बसलें होतें?' हा मागाहून.

आतां आमच्या प्रकरणांत न आलेलीं, पण नेहमीं आढळणारीं दोन-तीन लक्षणें सांगून ठेवतों. कार्ड निरोगी दिसतें, त्रिकोण नाहीं, आणि तरी नेट नाहीं, असें झाल्यास यंत्राला मिळालेला पत्ता पाहावा. कार्डाचा क्रमांक जन्मजात. हा पत्ता मात्र राउटर देतो. तो १६९.२५४ या आंकड्यांनीं सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळें यंत्रानें स्वतःच कामचलाऊ पत्ता घेतला आहे असें समजावें. अशा वेळीं आधीं राउटर बंद करून पुन्हां लावावा. दुसरें, 'पिंग' नांवाच्या आज्ञेनें पायरीपायरीनें हांक मारून पाहतां येते: प्रथम १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच, मग राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या आंकडी पत्त्याला, आणि शेवटीं एखाद्या नांवाला. ज्या पायरीवर 'ओ' येत नाहीं, तेथें शोध घ्यावा. पहिल्या हांकेला उत्तर आलें तरी कार्ड ठीक आहे असें मात्र ठरत नाहीं. ती हांक यंत्राच्या बाहेर पडतच नाहीं. तिसरें, यंत्र थोडा वेळ पडून राहिलें कीं जोडणी जाते, असें होत असल्यास कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' या पानावर वीज वाचविण्यासाठीं तें बंद करण्याची जी परवानगी दिलेली असते, ती काढून घ्यावी. आणि 'नेटवर्क रीसेट' हा सर्वांत शेवटचा उपाय. त्यानें सर्व कार्डें काढून पुन्हां बसविलीं जातात, आणि पूर्वींच्या जोडण्या नव्यानें कराव्या लागतात.

आमच्या संगणकाशेजारीं आतां एक शंभर पानी वही टांगलेली आहे. काय बिघडलें, केव्हां, काय बदलून पाहिलें, आणि काय झालें, असे चार रकाने आम्हीं आंखले आहेत. घरांतल्या लहानथोरांनीं त्यांत लिहावें असा नियम आहे. पांचवा, 'कोणीं केलें' हा रकाना आम्हीं मुद्दाम ठेवला नाहीं.

राहतां राहिली मुख्य दुरुस्ती. ती कोणत्याहि बटनानें होण्यासारखी नव्हती. सायंकाळीं सोमवार सोडावयास सर्व मंडळी पानावर बसलीं. सकाळीं ज्यांच्यादेखत आम्हीं मुलाला बोल लावला, त्यांच्याचदेखत आम्ही म्हणालों, "बाळ, सकाळीं आम्ही चुकलों. तूं सांगत होतास तें खरें होतें, आणि आम्हीं तें ऐकूनहि घेतलें नाहीं." क्षणभर कोणी कांहीं बोललें नाहीं. मग त्यानें ताटांतून डोळे वर न करतां म्हटलें, "आजोबा, काँप्युटर रात्रभर चालूच होता ना?" प्रथम मातुःश्री हंसल्या, मग त्याची आई हंसली, आणि शेवटीं आम्हांसहि हंसूं आवरेना.

तथापि त्या रात्रीं झोंप लवकर आली नाहीं. छत्तीस वर्षांत वर्गांतल्या किती मुलांचीं वाक्यें आम्हीं अशीच अर्ध्यावर तोडलीं असतील, आणि त्यांतल्या कितींत खरें उत्तर असेल, हा विचार मनांतून जाईना. ड्रायव्हर मागें फिरवितां येतो. तोंडांतून गेलेला शब्द मागें फिरविण्याची सोय अजून कोणीं काढलेली नाहीं. म्हणून वाचकांस एवढेंच सांगणें आहे: घरांतलें यंत्र अडेल त्या दिवशीं, सर्वांत लहान माणूस काय म्हणतो तें आधीं पुरतें ऐकून घ्यावें.